चॅट्सवर्थची पागा

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचे निवासस्थान पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा तेथील चित्रे, मूर्ती आणि रंगविलेली छते पाहून तृप्त होतो, आणि ईशान्येकडील चढावर उभी असलेली चौरस इमारत म्हणजे आपल्या चहापाण्याची सोय, एवढ्याच समजुतीने तिच्या देवडीतून आत शिरतो. या देवडीच्या माथ्यावर घराण्याचे प्रचंड कुलचिन्ह कोरलेले आहे. त्यातील मृग हुबेहूब खऱ्या मृगांएवढे असून त्यांच्या पाषाणी मस्तकांवरील शिंगे मात्र खरीखुरी आहेत. हा सारा डामडौल ज्यांच्या निवासासाठी मांडला, ते घोडे होते.

१७५६-५७ मध्ये काही महिने इंग्लंडचे पंतप्रधानपद भूषविलेल्या चौथ्या ड्यूकांनी आपल्या जहागिरीचा देखावाच पालटावयाचे मनावर घेतले, तेव्हा उद्यानरचनेचे काम लान्सलॉट ब्राउन याजकडे आणि इमारतींचे जेम्स पेन याजकडे सोपविण्यात आले. घराच्या पश्चिमेकडील दृष्टीच्या आड येणारी जुनी पागा आणि एडन्झर गावातील काही घरे पाडण्यात आली, आणि १७५८ च्या सुमारास नव्या पागेचे काम सुरू झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रयतेची घरे दृष्टीआड करणाऱ्या धन्याने घोड्यांचे घर मात्र उंचावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत भरेल असे बांधविले. कारण त्या काळी पाहुण्यास यजमानाच्या ऐश्वर्याची पहिली साक्ष त्याच्या घोड्यांवरून पटत असे.

इमारत प्रत्येक बाजूस सुमारे १९० फूट, दुमजली. कोपऱ्यांवर बुटके मनोरे, प्रवेशद्वारावर घड्याळाचा मनोरा, दर्शनी भागास मुद्दाम खडबडीत राखलेल्या घडाईचे डोरिक स्तंभ आणि आत, आपल्याकडील चौसोपी वाड्याची आठवण व्हावी असा, कमानींनी वेढलेला चौक. तळमजल्यावर ऐंशी घोड्यांची ठाणी आणि नालबंदाची भट्टी, तर वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारे व मोतद्दारांच्या खोल्या अशी वाटणी होती. वैरण आणि दाणा माथ्यावर साठवून ते खाली घोड्यांपुढे सोडण्याची ही पद्धत मोठी सोयीची. परंतु खालच्या लिदीमुताची वाफ वर चढून वैरण नासते, असा आक्षेप पुढे जाणत्यांनी घेतला, आणि एकोणिसाव्या शतकातील पागांत वायुवीजनास छतावरील शोभेपेक्षा अधिक मान मिळू लागला. पेनच्या इमारतीत शोभेचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे.

अश्वविद्येचा अभिमान तर या घराण्याच्या रक्तातच होता. याच कॅव्हेंडिश कुळाच्या दुसऱ्या शाखेतील न्यूकॅसलच्या ड्यूकाने त्याच परगण्यातील बोल्सोव्हर येथे सतराव्या शतकात घोडे शिकविण्यासाठी उंच लाकडी छताची स्वतंत्र शाळा बांधली, आणि परागंदा असता १६५८ मध्ये अँटवर्प येथून अश्वारोहणावरील आपला ग्रंथ फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला.

या वैभवात माणसाची गणना कशी होत असे, याचा दाखला चॅट्सवर्थच्या पागेच्या वरच्या मजल्यावर आहे. तेथील एका खोलीच्या दारावर ‘तिसरा पोस्टिलियन’ अशी अक्षरे रंगविलेली आढळल्याचे डेव्हनशायरच्या डचेस डेबोरा यांनी आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. बग्गीच्या जोडीपैकी डाव्या घोड्यावर बसून ती हाकणारा स्वार तो पोस्टिलियन. त्या दारामागे किती जण आले आणि गेले, पण दारावर हुद्दाच राहिला. नॉर्दम्बरलंडमधील सीटन डेलव्हल येथील पागेत मात्र प्रत्येक ठाण्यावर घोड्याचे नाव लिहिलेले आहे. घोड्यास नाव आणि चाकरास अनुक्रमांक, हा न्याय मला त्या समाजाच्या कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा अधिक बोलका वाटतो.

चॅट्सवर्थच्या पागेस सहाव्या ड्यूकांनी १८३० नंतरच्या दशकात मागील बाजूस गाडीखाना जोडला. शेवटचे घोडे १९३९ मध्ये येथून गेले; पुढे काही काळ इमारत सामानाच्या कोठीसाठी व मोटारी ठेवण्यासाठी वापरली गेली, मोतद्दारांच्या खोल्यांतून जहागिरीचे निवृत्त नोकर सहकुटुंब राहू लागले, आणि आता ठाण्यांच्या जागी उपाहारगृहे व दुकाने आहेत. डर्बीशायरकडे जाण्याचा योग आलाच, तर चहा मागविण्यापूर्वी ही पागा बाहेरून एकदा सावकाश हिंडून पाहावी. पेनचे कसब टेबलाशी बसून दिसत नाही.