ही एकदांडीच का?

रस्त्याकडेला, माळावर, गायरानात बारमाही दिसणारी ही वनस्पती जमिनीलगत पसरते. तिच्यातून वीतभर उंच, केसाळ, बिनपानाचा दांडा सरळ वर येतो आणि त्यावर फूल एकच. नाव तिथूनच पडलं. काही ठिकाणी तिला दगडी पाला किंवा कंबरमोडीही म्हणतात.

फूल जवळून बघा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं ते ‘फूल’ म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ असतो. मधली बारीक फुलं गर्द पिवळी. कडेला बहुधा पाचच, फिकट सायीच्या रंगाच्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन-तीन दाते. पानं समोरासमोर, जाड दातांची, हाताला खरखरीत. फूल सुकलं की पिसांसारख्या तंतूंचा गोंडा फुगतो आणि प्रत्येक बी आपली छत्री घेऊन निघते.

घोटाळा होतो तो पाथरीशी. तिचं फूल सबंध पिवळं असतं, पानं बुडाशी गोलाकार मांडलेली आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. एकदांडीला चीक नाही. माक्याशीही गल्लत होऊ शकते, पण तो ओलाव्याच्या जागी असतो आणि त्याचं फूल पांढरं.

इतकी घरची वाटणारी ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. लिनियसने 1753 मध्ये तिचं ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असं नामकरण केलं. खरचटल्यावर तिचा पाला चुरडून लावायची रीत खेडोपाडी आहे. मात्र खोल जखमेवर रस्त्याकडेचा धुळकट पाला लावू नका.