प्लॉट बघताय? प्लॉटही तुम्हाला बघतोय!

समृद्धीच्या इंटरचेंजमुळे शेलूबाजार मोबाइलच्या स्क्रीनवर आलं. 'मोजकेच प्लॉट शिल्लक' म्हणणाऱ्या जाहिरातीमागे काय काय मोजलं जातं? आणि काय मोजलंच जात नाही?

रात्री अकरा वाजता तुम्ही रील्स सरकवताय. एक कॉमेडी, एक क्रिकेट, एक लग्नातला डान्स आणि मग अचानक ड्रोनमधून दिसणारा लांबच लांब रस्ता. मागे दणदणीत म्युझिक. 'समृद्धी टच प्लॉट! शेलूबाजार इंटरचेंजपासून फक्त ५ मिनिटं! मोजकेच प्लॉट शिल्लक!' तुम्ही थांबता. किती वेळ? तीन सेकंद? दहा? तुम्हाला काही ते आठवणार नाही. जाहिरात देणाऱ्याच्या अहवालात मात्र तो आकडा जमा झालेला असतो.

शेलूबाजार म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि जुना नागपूर-औरंगाबाद महामार्ग इथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे गजबज आधीपासूनच आहे. मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला आणि मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यातले सुमारे ९७ किलोमीटर वाशिम जिल्ह्यातून जातात. शेलूबाजारला इंटरचेंज मिळाला आणि कालपर्यंत ज्याला आपण वावर म्हणत होतो, त्याला जाहिरातीत 'इन्व्हेस्टमेंट' म्हणायला लागले.

ही जाहिरात बघणारा बऱ्याचदा गावात नसतोच. तो पुण्यात, हिंजवडीत किंवा चाकणला असतो. पहिली नोकरी लागलीय, थोडे पैसे साठलेत, आईबाबा म्हणतायत की गावाकडे काहीतरी घेऊन ठेव. म्हणजे तुम्हीच! जाहिरातदाराला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं आणि ते शोधायची सोय त्याच्या हातात असते. नकाशावर पिन टोचायची, भोवती वर्तुळ काढायचं, वय २४ ते ४० टाकायचं, की झालं. (अमेरिकेत घरांच्या जाहिरातींसाठी वय, लिंग, पिनकोड अशी निवड करणं फेसबुकला २०१९ च्या तडजोडीनंतर बंद करावं लागलं, कारण त्यातून काही लोकांना जाहिरात दिसूच दिली जात नाही असा आक्षेप होता. आपल्याकडे उलटी गत. दिसण्याचीच कटकट!)

एक बोट दाबलं की...

तुम्ही जाहिरातीवर बोट दाबता आणि वेबसाइट उघडते. वरच्या लिंककडे कधी नीट बघितलंय? प्रश्नचिन्हानंतर एक लांबलचक शेपटी असते. तिला यूटीएम म्हणतात. तुम्ही इन्स्टावरून आलात की गुगलवरून, कोणत्या मोहिमेतून आलात, ड्रोनवाल्या व्हिडिओवरून की नकाशावाल्या फोटोवरून, हे सगळं त्या शेपटीत लिहिलेलं असतं. वेबसाइटवर मेटाचा पिक्सेल नावाचा छोटासा कोड बसवलेला असेल तर तुमची भेट फेसबुक-इन्स्टालाही कळते. म्हणून पुढचे पंधरा दिवस तोच प्लॉट तुमच्या मागे मागे फिरतो. तुम्हाला वाटतं, बापरे, केवढी जाहिरात करतायत हे लोक! सगळ्यांना नाही करत. तुम्हाला करतायत.

मग येतं गुगल अॅनालिटिक्स. हे फुकट मिळतं, म्हणून अगदी छोट्या दलालाच्या वेबसाइटवरही असू शकतं. जुनी पद्धत १ जुलै २०२३ ला बंद झाली, आता चालते ती जीए४. तिच्या हिशेबात तुम्ही वेबसाइटवर दहा सेकंदांहून जास्त थांबलात, किंवा दोन पानं उघडलीत, किंवा फोन नंबर दाबण्यासारखं महत्त्वाचं काही केलंत, तर तुमची भेट 'गुंतलेली' धरली जाते. फक्त दहा सेकंद! चहा हातात घेऊन फोन टेबलावर ठेवला तरी तेवढे होतात.

गंमत म्हणजे हे आकडे नेहमी खरं बोलतात असंही नाही. कोणत्या शहरातून किती लोक आले हे अॅनालिटिक्स इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखतं, आणि मोबाइल कंपन्यांचं नेट अनेकदा मोठ्या शहरातल्या केंद्रातून फिरून येतं. त्यामुळे शेलूबाजारच्या चौकात बसून कुणी वेबसाइट उघडली तरी अहवालात तो नागपूरचा किंवा मुंबईचा दिसू शकतो. 'आपल्या प्लॉटला मुंबईतून तुफान प्रतिसाद' असं कुणी सांगितलं, तर त्यात गावातलीच किती पोरं आहेत हे विचारायला हरकत नाही.

फॉर्मची गोष्ट अजून वेगळी. फेसबुक-इन्स्टावरचा फॉर्म उघडतो तेव्हा नाव आणि नंबर बहुतेक वेळा आधीच भरलेले असतात. बोट दाबायचं, की गेलं. इथे जाहिरातदाराकडे दोन पर्याय असतात: जास्त फॉर्म हवेत की जास्त इच्छुक माणसं हवीत? दुसरा पर्याय घेतला तर फॉर्म पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासण्याची एक पायरी वाढते आणि नुसतेच बोट दाबणारे गळतात. पहिला घेतला तर ढिगाने फॉर्म येतात. तुमचा फॉर्म पोचला की तुमचं नाव बदलतं. आता तुम्ही 'लीड'. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन येतो, 'सर, आपण काल इंटरेस्ट दाखवला होता...' नको असलेल्या कॉलची तक्रार १९०९ वर करता येते, पण फॉर्म भरून आपणच 'फोन करा' म्हणालो असू तर ती तक्रार लंगडी पडते.

स्वस्त लीड महाग पडते

आता आकडेमोड. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण हिशेब असाच चालतो. समजा एका लेआउटवाल्याने जाहिरातीवर १०,००० रुपये घातले. जाहिरातीत भाव नाही, गट नंबर नाही, नुसतं 'समृद्धी टच, मोजकेच शिल्लक'. २०० फॉर्म आले. एक लीड ५० रुपयांना. एजन्सी खूश, मालक खूश. प्रत्यक्ष जागा बघायला मात्र पाचच जण आले. म्हणजे एक माणूस वावरात आणायला २,००० रुपये लागले. आता दुसरी जाहिरात घ्या. तेवढेच पैसे, पण भाव लिहिलाय, गट नंबर दिलाय, रेरा नंबर दिलाय, रस्ता किती फुटांचा तेही सांगितलंय. फॉर्म आले फक्त ४०. एक लीड २५० रुपयांना, पाचपट महाग! पण बघायला आठ जण आले. एका माणसाचे १,२५० रुपये.

मग सगळे दुसरी जाहिरात का करत नाहीत? कारण एजन्सीचा महिन्याचा अहवाल लीडपाशी संपतो. फॉर्म भरल्यावर येणारं 'धन्यवाद' पान हे अॅनालिटिक्सचं शेवटचं स्टेशन. त्यानंतर कोण जागेवर आलं, कुणी इसार दिला, कोण सातबारा बघून परत गेलं, हे दलालाच्या डायरीत असतं किंवा फक्त त्याच्या डोक्यात. डायरीतला तो तपशील परत जाहिरातीच्या हिशेबात भरायची सोय गुगल आणि मेटा दोघांकडेही आहे. पण ती वापरायची तर आधी डायरी नीट लिहावी लागते! तोवर मोजलं जाणार ते फॉर्म, आणि फॉर्म वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे कमी सांगायचं आणि मोठं बोलायचं. माझ्या मते 'समृद्धी टच' हा शब्द तिथूनच आला.

त्या शब्दाकडे जरा थांबून बघा. समृद्धी हा बंदिस्त महामार्ग आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण, आत-बाहेर फक्त इंटरचेंजवरून. तुमचा प्लॉट महामार्गाला अगदी खेटून असला तरी तिथून गाडी वर चढवता येणार नाही. मिळणार काय, तर १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांचा आवाज. भाव ठरायला हवा तो इंटरचेंजपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावरून. तो डांबरी आहे की पांदण, पावसाळ्यात काळ्या मातीत चालू राहतो का? 'फक्त ५ मिनिटं' ही गोष्ट तुम्ही घरबसल्या नकाशावर तपासू शकता, अट एकच, खरी पिन मिळायला हवी. पिनऐवजी 'या, आम्ही गाडीने नेतो' असं उत्तर आलं तर समजून जा.

आता आपण त्यांना बघू

ज्या यंत्रणेतून ते तुम्हाला बघतात तिची एक खिडकी तुमच्याकडेही उघडते. मेटाची अॅड लायब्ररी कुणालाही फुकट बघता येते. तिथे त्या पेजचं नाव टाका. सध्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती आणि त्या कधीपासून सुरू आहेत, ते दिसतं. 'मोजकेच शिल्लक'वाली जाहिरात आठ महिने अखंड चालू असेल तर ते मोजके प्लॉट जरा जास्तच चिवट आहेत म्हणायचे. पेजच्या पारदर्शकतेच्या भागात पेज कधी तयार झालं आणि त्याचं नाव बदललंय का, तेही असतं. काल शायरीचं पेज होतं, आज प्लॉटिंगचं आहे, असंही तिथे उघडं पडू शकतं. गुगलवर जाहिरात असेल तर अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर बघा, २०२३ पासून सुरू आहे.

मग क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने नोंदणीकृत प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत तो सक्तीचा केलाय, सोशल मीडियावरच्या जाहिरातीतही. नसला तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. स्कॅन केलं की प्रकल्पाची नोंदणी, मंजुरी, जमिनीचे वाद, सगळं उघडायला हवं. नियोजन क्षेत्रातला ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरचा प्लॉटिंग प्रकल्प नोंदणीशिवाय विकता तर येत नाहीच, त्याची जाहिरातही करता येत नाही. 'आमच्याकडे रेरा लागत नाही' असं कुणी म्हणालं तर का लागत नाही ते लेखी मागा आणि वाशिमच्या नगररचना कार्यालयात विचारा. गट नंबर मिळाला की महाभूमीच्या साइटवर सातबारा दिसतो, अगदी फुकट. मालक कोण, बोजा आहे का, जमीन अजून शेतीची आहे का, पाच मिनिटांचं काम. ही पाच मिनिटं मात्र खरी!

आणि तो रील, ते ब्रोशर, व्हॉट्सअॅपवर आलेला लेआउटचा नकाशा डिलीट करू नका. स्क्रीनशॉट ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी आगाऊ रक्कम भरली आणि त्याचं नुकसान झालं तर तो भरपाई मागू शकतो, पैसे व्याजासह परत मागू शकतो. ज्या व्हिडिओने तुम्हाला गुंतवलं तोच पुरावा होतो. कलम १३ सुद्धा लक्षात असू द्या. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे दोन्ही रेराच्या कक्षेतल्या प्रकल्पांना लागू आहे, म्हणून आधी नोंदणी बघायची.

तुमच्यातले काहीजण स्क्रीनच्या दुसऱ्या बाजूलाही आहेत, हे माहितीय. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलाय, गावातल्या ओळखीच्या दलालाचं पेज सांभाळताय, रील एडिट करताय. काम चांगलं आहे, घरी राहून करता येतं. फक्त एक बघा. डिझाइनची किंवा जाहिरात चालवण्याची ठरलेली फी घेणं वेगळं आणि 'प्लॉट विकला की एवढं कमिशन' ठरवणं वेगळं. रेरा कायद्यात एजंटची व्याख्या बरीच रुंद आहे. मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमातून घेणारा-विकणाऱ्याची गाठ घालून देणाराही तिच्यात येतो. महाराष्ट्रात एजंटला नोंदणी लागते, त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. आपण नुसते 'सोशल मीडियावाले' आहोत, हा बचाव टिकेलच असं नाही.

आणि पुढच्या महिन्याचा अहवाल बनवाल तेव्हा लीडच्या शेजारी अजून एक रकाना काढा: जागेवर किती आले? दलालाला फोन करून विचारा, नाही तर त्याची डायरी मागा. तो रकाना भरायला लागलात की पेजवर काय लिहायचं तेही बदलेल. कारण पुण्याहून निघालेला माणूस शनिवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसतो आणि रविवारी सकाळी डोळे चोळत शेलूबाजारला उतरतो. त्याला चौकातून जागेवर न्यायला कोण येणार, किती वाजता येणार आणि जाताना कोणती कागदं बघायला मिळणार, एवढं पेजवर लिहिलेलं असलं तरी पुष्कळ.