हिरवळीवरच्या छत्र्या : पाहा, ओळखा, पण खाऊ नका

पावसाची झड लागून गेली आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले, की आमच्या बेलापुरात अंगणातल्या हिरवळीवर, मंगल कार्यालयांच्या लॉनवर, शाळेच्या मैदानाच्या कडेला रातोरात छत्र्या उगवतात. कोणी त्यांना भूछत्र म्हणते, कोणी कुत्र्याची छत्री. मोठी माणसे तिकडे लक्ष देत नाहीत. लहान मुले मात्र देतात. म्हणूनच आजचा हा विषय.

भाद्रपदातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास एक आजी तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन दवाखान्यात आल्या. हिरवळीवर खेळताना पोराने आठ वाजता छत्री खाल्ली होती आणि आता उलट्या थांबत नव्हत्या. "डॉक्टर, मी चांदीचा रुपया घासून पाहिला, काळा पडला नाही. मग विषारी कशी असंल?" असे त्या पुन:पुन्हा विचारत होत्या. पण त्यांनी एक शहाणपणा केला होता. उरलेली छत्री आणि तिच्या आजूबाजूच्या चार-पाच लहान छत्र्या मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या.

मोठी छत्री मी लगेच ओळखली. पांढरी टोपी, तिच्यावर तपकिरी खवले, देठावर कडे आणि टोपीखालच्या पट्ट्यांना हिरवट झाक. हिरव्या बीजाणूंची ही जात म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. हिरवळीवर ती हमखास आढळते. कोवळेपणी पट्ट्या पांढऱ्याच असतात, त्यामुळे खाण्याजोग्या जातीशी तिची गल्लत होते. खाल्ल्यावर बहुधा 1 ते 3 तासांत उलट्या, जुलाब आणि मुरडा सुरू होतो. वेळेवर उपचार मिळाले तर रुग्ण बरा होतो. पण लहान मुलाच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते.

खरी चिंता लहान छत्र्यांची होती. राखाडी, चुण्या पडलेली, कागदासारखी पातळ होती ती पॅरासोला. ती एका दिवसात कोमेजून जाते. दुसरी मात्र तपकिरी, टोकदार टोपीची होती. तिचे नाव मला सांगता येईना. कोनोसायबी, गॅलेरिना आणि लेपिओटा या गटांतल्या काही चिमुकल्या जातींत अमॅटॉक्सिन नावाचे विष असते. पोराने त्यातली एखादी खाल्ली नसेलच, हे कोण सांगणार?

हे विष कपटी आहे. खाल्ल्यावर 6 ते 24 तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, पुढे रुग्णाला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात. आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागते. शिजवून, तळून किंवा वाळवून ते नष्ट होत नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळिंबी खाऊन 13 जण दगावले. म्हणून मी मुलाला त्या पुडक्यासह श्रीरामपूरच्या रुग्णालयात पाठवले. सलाईन लागले, यकृताच्या तपासण्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी बाळ उड्या मारीत घरी आले.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर. चांदी काळी पडणे, लसूण निळा होणे, दूध नासणे, किडे खातात म्हणून ती चांगली असणे, या सर्व समजुती खोट्या आहेत. अमॅटॉक्सिनने चांदी काळी पडत नाही.

कुतूहल असेल तर ओळखीचा एक सोपा प्रयोग करा. टोपी देठापासून कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पट्ट्या खाली करून ठेवा आणि वर पेला झाका. सकाळपर्यंत बीजाणूंचा ठसा उमटतो. हिरवा ठसा म्हणजे वर सांगितलेली जात. काळा, तपकिरी किंवा पांढरा ठसा आला तर गट कळायला मदत होते. देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण आहे का, देठावर कडे आहे का, हेही पाहा. मात्र एवढ्यावरून 'खाण्याजोगी' असा निर्वाळा कधीही देऊ नका.

छत्रीला नुसता हात लागल्याने विषबाधा होत नाही; हात धुतले की झाले. जमिनीत गाडलेली लाकडे, जुनी मुळे आणि शेणखत यांवर वाढणाऱ्या बुरशीचे ते फळ आहे. औषध फवारून फारसे साधत नाही. घरात लहान मूल किंवा कुत्रे असेल तर रोज सकाळी छत्र्या उपटून टाकाव्यात.

कोणी खाल्लीच, तर तोंडातले तुकडे काढा आणि चूळ भरायला लावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. खाल्ल्याची वेळ लिहून ठेवा. उरलेली छत्री प्लॅस्टिकमध्ये न घालता कागदात गुंडाळा आणि त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108, तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक 1800 116 117 आहे.

अळिंबीची भाजी खावीशी वाटली तर ती बाजारातून, लागवड केलेलीच आणावी. अंगणातली छत्री डोळ्यांनी पाहण्यापुरतीच बरी!