दोन नणंदा, एक मैत्रीण आणि एक मोटारगाडी



गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो पैशाचा. दुसरा येतो, "सोबत गडीमाणूस कोण?" आणि गाडी कोण चालवणार हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून आज मी तुम्हाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक प्रवास समजावून सांगणार आहे. चार बायका, एक मोटारगाडी, सोबत चालवायला पुरुष नाही, आणि रस्ताही धड नाही. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ऐकताना तुम्हाला तुमच्या गटातल्याच बायका आठवतील.

साल १९०९. न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेनसॅक गावी ॲलिस रॅमसी नावाची बावीस वर्षांची तरुणी राहत होती. लग्न झालेलं, पदरात लहान मूल. नवरा वकील. नवऱ्याला स्वतःला गाडी चालवण्याची हौस नव्हती, पण १९०८ मध्ये त्याने बायकोला मोटार घेऊन दिली. त्याच वर्षी ॲलिस गाड्यांच्या एका लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरली. तिचा हात बघून मॅक्सवेल मोटार कंपनीच्या माणसाने प्रस्ताव मांडला : न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, म्हणजे पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, आमची गाडी चालवत न्या. खर्च आमचा.

इथे थोडं थांबू या. कंपनीने हे काही बायकांच्या कळवळ्याने केलं नाही. तेव्हा मोटार ही नवी वस्तू होती आणि लोक तिला भीत होते. बाईने गाडी देशभर चालवून दाखवली, तर लोक म्हणतील, "बाईला जमतं तर आपल्याला का नाही?" आणि गाड्या खपतील. ॲलिसला हे ठाऊक होतं. तिने संधी घेतली, पण डोळे उघडे ठेवून. आपल्या गटाकडेही कुणी कर्ज घेऊन येतो, कुणी विक्रीची योजना घेऊन येतो. त्याचा फायदा कशात आहे हे आधी समजून घ्यावं आणि मग आपला फायदा बघून ठरवावं. नाही म्हणायलाच हवं असं नाही, पण समजून हो म्हणावं.

सोबत कोण गेलं? ॲलिसच्या दोन नणंदा, नेटी पॉवेल आणि मार्गारेट ॲटवुड. दोघी चाळिशीच्या पुढच्या, नीटनेटक्या, घरंदाज. आणि चौथी हर्मिनी जान्स ही तरुण मैत्रीण. या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे सगळा प्रवास चाकावर हात एकट्या ॲलिसचा, धाकट्या भावजयीचा. नणंदा मागे बसल्या आणि भावजयीच्या हातात जीव दिला. आपल्याकडे किती नणंदा बसतील, तुम्हीच सांगा!

९ जून १९०९ ला भर पावसात त्या न्यूयॉर्कहून निघाल्या. अंतर सुमारे ३,८०० मैल, म्हणजे जवळजवळ ६,१०० किलोमीटर. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तसे जवळजवळ नऊ महामार्ग एकापुढे एक जोडले तर एवढं अंतर होईल. त्यातला पक्का रस्ता किती? फक्त १५२ मैल, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर. बाकी सगळी बैलगाडीची चाकोरी, शेतातली वाट, नाहीतर नुसतं माळरान.

आता गाडी कशी होती ते सांगते, म्हणजे कष्ट कळतील. आजच्यासारखी चावी फिरवली की सुरू, असं नव्हतं. पुढे लोखंडी दांडा अडकवून जोराने फिरवायचा, तेव्हा इंजिन धडधडायचं. दांडा उलटा फिरला तर मनगट मोडायचं. बटणावर सुरू होणारी गाडी १९१२ मध्ये आली, म्हणजे या प्रवासानंतर तीन वर्षांनी. टाकीत पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटाही नव्हता. टाकीत काठी बुडवायची आणि किती ओली झाली ते बघायचं. आपण कणगीतल्या धान्याचा अंदाज घेतो, तसंच.

टायर पातळ रबराचे आणि सुती कापडाचे. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले. त्यामुळे पंक्चर ठरलेलंच. या प्रवासात ॲलिसने ११ वेळा टायर बदलले. टायर काढायचा, आतली ट्यूब बाहेर ओढायची, ठिगळ लावायचं, परत बसवायचं आणि हातपंपाने हवा भरायची. जवळपास ना गॅरेज ना दुकान. ब्रेकचा पायदांडा तुटला, तोही तिनेच जोडला. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काजळीने भरला की गाडी अडखळते. तो काढून पुसणं तिचं रोजचं काम होतं.

इंजिन गरम होतं, म्हणून त्याभोवती पाणी खेळवतात. ते पाणी आटलं की इंजिन तापतं, वाफ निघते आणि गाडी बंद पडते. एकदा असंच पाणी संपलं आणि बादली तर घेतलेलीच नव्हती. तेव्हा नेटी आणि मार्गारेट उतरल्या. त्यांनी आपल्या दात घासण्याचे ब्रश ठेवायचे काचेचे डबे काढले, रस्त्याकडेच्या चरातून थोडं थोडं पाणी भरलं आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून इंजिनात ओतलं. ज्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्यांच्यामुळे त्या दिवशी गाडी पुढे गेली.

आता वाट कशी सापडायची? पूर्वेकडच्या राज्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक होतं. त्यात खुणा लिहिलेल्या : अमुक ठिकाणी पिवळं घर लागेल, तिथे डावीकडे वळा. ओहायो राज्यात असंच एक पिवळं घर त्यांना सापडेना. मग कळलं, घरमालकाला मोटारी आवडत नव्हत्या, म्हणून त्याने घराला हिरवा रंग देऊन टाकला होता! पुस्तकावर विसंबावं, पण तोंडाने विचारायला लाजू नये, हे त्या तिथे शिकल्या.

पश्चिमेकडे तर तसं पुस्तकही नव्हतं. तिथे ॲलिसने साधी युक्ती केली. दोन वाटा फुटल्या की ती तारांचे खांब बघायची आणि ज्या खांबांवर जास्त तारा, ती वाट धरायची. त्या काळी जितकी जास्त बोलणी, तितक्या जास्त तारा लागायच्या. म्हणून जास्त तारा म्हणजे त्या बाजूला मोठं गाव असणार. हे शहाणपण कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. नजर उघडी ठेवली की असं सुचतं. आपणही धूर दिसला की वस्ती आहे हे ओळखतोच की.

सगळ्यात हाल झाले आयोवा राज्यात. तिथली जमीन काळी, कसदार, आणि पाऊस सलग. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी रुतते, तशी मोटार चाकाच्या आसापर्यंत रुतायची. ३६० मैलांना, म्हणजे ५८० किलोमीटरना, १३ दिवस लागले. एका ओढ्याला पूर आला तेव्हा त्या काठावर थांबल्या आणि पाणी ओसरेपर्यंत गाडीतच बसल्या बसल्या झोपल्या. पुढे वायोमिंगमध्ये नदीवरचा पूलच वाहून गेलेला. मग रेल्वेच्या पुलावरून, रुळाखालच्या लाकडी फळ्यांवरून धडक धडक करत गाडी पार नेली. त्याच राज्यात एका मुक्कामी ढेकणांनी रात्रभर झोपू दिलं नाही.

भीतीचे प्रसंगही आले. नेब्रास्कात एका खुन्याचा शोध चालला होता, त्यात त्यांची गाडी अडवली गेली. नेवाडात तिथल्या मूळ रहिवाशांपैकी काही घोडेस्वार धनुष्य ताणून समोरून येताना दिसले. चौघींच्या पोटात गोळा आला. पण ते स्वार सशाच्या शिकारीला निघाले होते. ते रस्ता ओलांडून निघूनही गेले. परक्या माणसाची भीती पुष्कळदा आपल्याच मनातली असते.

७ ऑगस्टला, म्हणजे ५९ दिवसांनी, चौघी सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. गाडी चालवत अमेरिका आडवी पार करणारी ॲलिस ही पहिली स्त्री ठरली. आणि लक्षात घ्या, त्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. संपूर्ण देशासाठी तो हक्क १९२० मध्ये मिळाला. ज्या वायोमिंगमधून त्या गेल्या, तिथे मात्र तो १८६९ पासून होता.

ॲलिस तिथेच थांबली नाही. पुढे तिने तीसपेक्षा जास्त वेळा गाडीने देश पार केला. १९६१ मध्ये स्वतःच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये, ९६ वर्षांची होऊन ती वारली. आणि या प्रवासाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या दुसऱ्या एका बाईने पुन्हा उभी केलेली तसलीच जुनी मॅक्सवेल गाडी घेऊन न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को प्रवास केला. आज त्या देशात पुष्कळ लोक स्वयंपाकघर आणि बिछाना असलेल्या मोठ्या गाड्या, म्हणजे चाकावरची घरंच, घेऊन मित्रमैत्रिणींसह असे प्रवास करतात. रस्ते गुळगुळीत झाले, पण पाणी, पेट्रोल, टायर आणि एकमेकींशी पटवून घेणं, या चार गोष्टी अजून त्याच आहेत.

तुम्ही म्हणाल, ताई, तिच्याकडे पैसा होता, नवरा गाडी घेऊन देणारा होता, मूल सांभाळायला घरात माणसं होती. अगदी खरं. आपल्यातल्या कितीजणींना यातलं काय मिळतं? म्हणूनच मी ही गोष्ट सांगते आहे. ॲलिसचं धाडस खरं, पण त्या धाडसामागे घर सांभाळणारे हात होते आणि गाडीत पाणी भरणारे हातही होते. एकटी बाई फार लांब जात नाही. आपल्याकडे ते हात गटाचे होऊ शकतात. एक बाई गाडी शिकायला गेली तर दोघींनी तिची मुलं तासभर बघायची, हे ठरवायला काही खर्च येत नाही.

आणि गाडी शिकणं हे नुसतं सहलीपुरतं नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर गावात गाडी उभी असते आणि चालवणारा नसतो, असं होतं. बाजाराच्या दिवशी माल न्यायला भाड्याची गाडी मिळाली नाही की आपली भाजी पडत्या भावाने जाते. चाकावर आपला हात असेल तर हे निर्णय आपले होतात.

परवान्याचं थोडक्यात सांगते. मोटार किंवा गिअरची दुचाकी चालवायला वय १८ पूर्ण हवं. आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो. त्याची परीक्षा मराठीतून देता येते. तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवान्यावर मोटार चालवताना शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती बसलेली हवी आणि गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल' अक्षर हवं. परिवहन कार्यालयात जायला एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. चार-पाच जणी एकाच दिवशी गेल्या तर सोबतही होते आणि धीरही येतो.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. वहीच्या शेवटच्या पानावर तीन नावं लिहा : गाडी शिकायची कुणाला इच्छा आहे, तिचं घर तेवढा वेळ कोण बघेल आणि तिच्या घरच्यांशी कोण बोलेल. तिन्ही नावं भरली की आमच्या केंद्रावर कळवा. पुढच्या सहलीला गाडी कोण चालवणार, हा प्रश्न मग बैठकीत मोठ्याने विचारू.