परदेशी नोंदणीच्या क्रूझ कंपन्या आणि अमेरिकी प्राप्तिकर

जहाजवाहतुकीवर दोन देशांनी दोनदा कर आकारू नये, या हेतूने अमेरिकेने १९२१ च्या महसूल कायद्यात परस्पर सवलतीचे तत्त्व स्वीकारले. सध्या ते अंतर्गत महसूल संहितेच्या कलम ८८३ मध्ये आहे. नोंदणीचा देश अमेरिकी कंपन्यांना समान सवलत देत असेल आणि मालकीविषयक अटी पूर्ण होत असतील, तर आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीचे उत्पन्न करमुक्त ठरते. अमेरिकेतील किनारी सहलींच्या विक्रीचे उत्पन्न मात्र करपात्र असते.

रॉयल कॅरिबियनचे मुख्यालय मायामीत, तर नोंदणी १९८५ पासून लायबेरियात आहे. लायबेरियाही अशा अनिवासी कंपनीच्या जहाजवाहतूक उत्पन्नावर प्राप्तिकर आकारत नाही. परिणामी, दुहेरी कर टाळण्यासाठी केलेली तरतूद येथे दुहेरी करमुक्तीचे साधन बनते.