आठ मायक्रॉनची वाट

मॅट्रिजेलची बाटली बर्फातून बाहेर काढायची नाही, हे प्रयोगशाळेत पाऊल टाकताच बजावलं जातं. उंदरातल्या एका गाठीपासून काढलेला हा प्रथिनांचा रस गारठ्यात पातळ राहतो, जरा ऊब लागली की खरवसासारखा थिजतो. म्हणून पिपेटच्या टिपासुद्धा गार केलेल्या. पीएचडी करणारी मुलगी हात घाईघाईने चालवते, पण थेंब सांडत नाही.

हा रस ती प्लास्टिकच्या इवल्या कपांत पसरते. कपाचा तळ म्हणजे पातळ पडदा, त्यात आठ मायक्रॉनची छिद्रं. वर कर्करोगाच्या पेशी, सीरम नसलेल्या द्रवात. खाली सीरमची मेजवानी. पेशीला ती हवी असेल तर तिनं मॅट्रिजेल कुरतडत, अंग आक्रसून छिद्रातून खाली उतरायचं. शरीरातही गाठीतून निसटणाऱ्या पेशीला असाच अडसर फोडावा लागतो.

पेशींचं नाव एमडीए-एमबी-२३१. एका ५१ वर्षांच्या रुग्ण बाईच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून १९७३ साली त्या वेगळ्या केल्या. स्तनातून त्या तिथवर पोचल्या होत्याच. प्रवासाचा अनुभव दांडगा!

अर्ध्या कपांतल्या पेशींना आधीच मायक्रोआरएनए-२००सी दिलेला असतो. जेमतेम २२-२३ अक्षरांची ही साखळी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. ती दुसऱ्या जनुकांच्या संदेशाला चिकटते आणि त्यांची प्रथिनं बनू देत नाही. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना असा पहिला रेणू १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला. नोबेल मिळायला २०२४ उजाडलं. इथे २००सी गप्प करतो ते झेब-१ हे प्रथिन. तेच ई-कॅडहेरिन दाबून ठेवत असतं, आणि ई-कॅडहेरिन म्हणजे पेशींना एकमेकींशी बांधणारं प्रथिन. झेब-१ हटलं की पेशी पुन्हा एकमेकींना धरून बसतात.

रात्रभर ३७ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी कप बाहेर. वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या काडीने पुसायच्या. मला हे काम क्षुल्लक वाटलं होतं, पण कडेला चार पेशी राहिल्या तरी मोजणी बिघडते. मग क्रिस्टल व्हायोलेटचा रंग. साध्या कपाचा तळ जांभळाशार, २००सी दिलेल्याचा विरळ ठिपक्यांचा.

सगळेच मायक्रोआरएनए असे आवर घालणारे नाहीत. १०बी उलट पेशींना पाय फोडतो, हे रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं २००७ मध्ये दाखवलं.

‘मग २००सीचंच औषध का करत नाही?’ मी विचारलं.

ती हसली. उंदरांवरच्या काही प्रयोगांत २००च्या कुटुंबातले रेणू भरपूर असलेल्या पेशींनीच दूरच्या अवयवात जाऊन जास्त जोमानं वस्ती केली. निघताना अडवणारा रेणू पोचल्यावर बस्तान बसवायला मदत करतो. ‘या कपात फक्त निघणं दिसतं,’ ती म्हणाली, आणि पुढचा कप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून मोजू लागली.