हलका बार : मापाहून मोठा प्रश्न दारूच्या निवडीचा

काडतुसातील दारू कमी केली की बंदुकीचा धक्का कमी होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे; आणि उरलेला अर्धा भाग ठाऊक नसेल तर हलक्या बारासाठी भरलेले काडतूस पूर्ण ताकदीच्या काडतुसाहून अधिक धोक्याचे ठरू शकते. अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरणे हा कायद्याने मान्य असलेला आणि लाखोंनी जोपासलेला छंद आहे, आणि तेथील अनुभवातून या विषयाचे एक व्यवस्थित शास्त्र उभे राहिले आहे. कोणती दारू कमी मापातही शिस्तीने जळते, कोणती जळत नाही, आणि असे का घडते, या तीन प्रश्नांभोवती ते शास्त्र फिरते.

काडतुसाचे भाग चार असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर प्रायमरवर आघात होऊन ठिणगी उडते, तिने दारू पेटते, दारूचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. या चार भागांपैकी पुंगळी तेवढी पुनःपुन्हा वापरता येते. म्हणून झाडलेली पुंगळी साफ करून, हातप्रेसवर तिला मूळ आकार देऊन, तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवण्याची प्रथा पडली. खर्चात बचत आणि अचूकता ही त्यामागची दोन जुनी कारणे आहेत. तिसरे कारण असे की कारखान्यात सहसा न मिळणारे हलके काडतूस अशा रीतीने तयार करता येते.

हलक्या काडतुसाची गरज कोणाला असते हे समजण्यासाठी धक्क्याचा हिशेब पाहणे उपयुक्त ठरते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळी आणि तिच्यामागून बाहेर पडणारा वायू यांचा एकत्रित संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, जेवढा असेल तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीला मिळतो. ३.६ किलो वजनाच्या .३०-०६ रायफलीतून ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८८० मीटर वेगाने सुटली आणि तिच्यामागे ३.२ ग्रॅम दारूचा वायू सुमारे १,४०० मीटर वेगाने बाहेर पडला, असे धरले तर रायफल खांद्यावर सुमारे २३ ज्यूल ऊर्जेने आदळते. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एकूण संवेगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या वायूचा असतो. तीच गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने सोडली आणि दारू एकतृतीयांशावर आणली, तर त्याच हिशेबाने धक्क्याची ऊर्जा सुमारे ६ ज्यूल, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर येते. नेमबाजी शिकणारी मुले, खांद्याच्या दुखण्याने बेजार झालेले वयस्क नेमबाज, दिवसभर शंभर-दोनशे बार काढणारे स्पर्धक आणि शतकभर जुन्या बंदुका जपून वापरणारे संग्राहक या सर्वांना हा फरक हवा असतो, कारण धक्क्याच्या भीतीने डोळे मिटण्याची आणि चाप हिसक्याने ओढण्याची सवय एकदा जडली की ती सुटणे कठीण असते.

ही गरज नवी नाही. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये .४५-७० हे काडतूस स्वीकारले तेव्हा त्यात ७० ग्रेन काळी दारू भरली जात असे. ग्रेन हे या क्षेत्रातील रूढ वजन असून सुमारे १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम होतो. पायदळाच्या लांब रायफलीला हा भार पेलत असे. परंतु घोडेस्वारांच्या आखूड आणि हलक्या कार्बाइनीत त्याचा धक्का असह्य होई, म्हणून कार्बाइनीसाठी त्याच पुंगळीत ५५ ग्रेनचे वेगळे काडतूस काढण्यात आले. काळ्या दारूच्या बाबतीत एक नियम मात्र काटेकोरपणे पाळावा लागे, तो म्हणजे दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहू न देण्याचा. कारण अशी पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा धोका असतो. दारू कमी केली की रिकामी झालेली जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढणे ओघानेच आले.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक यांचे मिश्रण. ती जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. उरलेला भाग दाट धूर आणि चिकट काजळी बनून राहतो. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस, द्रावकात मळून त्याची नियंत्रित वेगाने जळणारी दारू तयार केली, आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती प्रथम सैन्याच्या हाती आली. पुढे १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट बनवले. केवळ नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या दारूला एकघटकी आणि नायट्रोग्लिसरीनयुक्त दारूला द्विघटकी म्हणता येईल. या दोन्ही धूरविरहित दारू जवळजवळ पूर्णपणे वायुरूप होतात, त्यामुळे तेवढ्याच कामाला त्या फार थोड्या लागतात. आणि हलक्या काडतुसाचा आजचा मुख्य प्रश्न नेमका येथूनच जन्माला येतो.

.३८ स्पेशल हे १८९८ च्या सुमारास आलेले रिव्हॉल्व्हरचे काडतूस याचे स्पष्ट उदाहरण आहे. त्याची पुंगळी सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावेल अशा बेताने घडवलेली होती. आज त्याच पुंगळीत धूरविरहित दारू चार-पाच ग्रेन, किंबहुना त्याहूनही कमी पडते, आणि गोळीखालची बहुतेक जागा मोकळी राहते. या मोकळ्या जागेमुळे दोन अडचणी उद्भवतात. पहिली अशी की बंदूक वर किंवा खाली रोखल्यावर थोडीशी दारू कधी प्रायमरला चिकटून तर कधी गोळीच्या बुडाशी सरकून राहते, त्यामुळे ती दर वेळी निराळ्या रीतीने पेटते आणि गोळीचा वेग बदलत राहतो. दुसरी अडचण जिवावर बेतणारी आहे : भरताना लक्ष विचलित होऊन एकाच पुंगळीत दोनदा, क्वचित तीनदा माप पडले, तरी ते पुंगळीबाहेर सांडत नाही आणि वरवर पाहणाऱ्याला दिसतही नाही. हलक्या काडतुसांनी फुटलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या मागे बऱ्याचदा ही दुहेरी मात्राच असते.

आता दारूच्या वेगाविषयी. धूरविरहित दारूचा प्रत्येक दाणा पृष्ठभागाकडून आत जळत जातो. म्हणून ज्याप्रमाणे तेवढ्याच वजनाच्या काटक्या ओंडक्याआधी जळून जातात, त्याप्रमाणे पातळ चकत्यांची दारू जाड नळकांड्यांच्या दारूपेक्षा लवकर संपते. दाण्यांवर ज्वलन मंद करणारा लेप देऊनही हा वेग नियंत्रित केला जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्वलनाचा वेग सभोवतालच्या दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. मंद दारू मोठ्या पुंगळीत, जड गोळीमागे, दाब झपाट्याने वाढेल हे गृहीत धरूनच घडवलेली असते. तिचे माप अर्ध्यावर आणले तर तो दाब निर्माणच होत नाही, दारू अर्धवट जळते, न जळलेले दाणे नळीत पडून राहतात आणि गोळ्यांचे वेग विस्कळीत होतात.

याहून गंभीर प्रकारही नोंदवले गेले आहेत. मंद दारूच्या फार कमी केलेल्या मात्रेने काही वेळा मजबूत रायफली फुटल्या आहेत. त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की प्रायमरच्या जोराने आणि अर्धवट पेटलेल्या दारूने गोळी थोडी पुढे सरकते, नळीतील आट्यांच्या तोंडाशी अडते, आणि ती अडलेली असतानाच उरलेली दारू एकदम भडकून दाब अनपेक्षित उंचीवर जातो. ही घटना प्रयोगशाळेत हवी तेव्हा घडवून आणणे कठीण असल्याने तिच्या कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु व्यवहारातील निष्कर्षाबद्दल मतभेद नाही, आणि तो असा की मंद दारू मनाने कमी करू नये. हॉजडन ही अमेरिकी कंपनी आपल्या एच ११० या दारूच्या बाबतीत छापील मापाहून तीन टक्क्यांपेक्षा अधिक कपात करू नये अशी सूचना देते, तर आपल्याच एच ४८९५ या दारूच्या बाबतीत, ती दारू ज्या काडतुसांसाठी सुचवलेली आहे त्यांत, कमाल मापाच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली येण्यास मुभा देते. एकाच कंपनीच्या दोन दारूंत एवढे अंतर असावे, यावरून मापाआधी दारूची जात ठरवणे किती अगत्याचे आहे हे ध्यानात येते.

यावरून हलक्या बारासाठी योग्य दारूचे गुण ठरतात. ती कमी दाबातही सहज पेटणारी आणि एकसारखी जळणारी असावी, तिचे स्थान पुंगळीत बदलले तरी परिणाम फारसा बदलू नये, आणि शक्यतो वजनाच्या मानाने तिचा फुगवटा मोठा असावा. वेगवान पिस्तुली दारू पहिली अट पूर्ण करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असलेली बुल्सआय ही त्यांतली प्रसिद्ध दारू, परंतु तिचे माप इतके अल्प असते की दुहेरी मात्रा नजरेतून सुटू शकते. फुगवट्याची अट मनात धरून या शतकाच्या पहिल्या दशकात ट्रेल बॉस ही दारू बाजारात आली. मध्ये भोक असलेल्या छोट्या चकत्यांसारख्या तिच्या दाण्यांमुळे थोडे वजनही पुंगळीत बरीच जागा व्यापते, आणि दोनदा माप पडल्यास अनेक पुंगळ्यांतून दारू सांडून चूक लगेच उघडकीस येते. तिच्याबाबत मुख्य पथ्य एकच : गोळी बसवताना ती दाबली जाता कामा नये, कारण दाणे चुरडले की त्यांचा जळणारा पृष्ठभाग बदलतो आणि दारूचा स्वभावही बदलतो.

ट्रेल बॉस ज्या खेळासाठी प्रामुख्याने घडवली गेली तो खेळ म्हणजे अमेरिकेतील काउबॉय ॲक्शन शूटिंग. एकोणिसाव्या शतकातील धाटणीच्या रिव्हॉल्व्हर, रायफली आणि छऱ्यांच्या बंदुका घेऊन पोलादी लक्ष्यांवर वेगाने नेम साधण्याच्या या स्पर्धांचे नियमन १९८७ मध्ये स्थापन झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी करते. या संस्थेने रिव्हॉल्व्हरच्या गोळीसाठी सेकंदाला १,००० फुटांची, म्हणजे सुमारे ३०५ मीटरची वरची मर्यादा घातली आहे; परंतु त्याचबरोबर ४०० फुटांची, म्हणजे सुमारे १२२ मीटरची खालची मर्यादाही घातली आहे आणि गोळीचे वजन व वेग यांच्या गुणाकारालाही किमान पातळी ठरवून दिली आहे. धक्का कमी असेल तितका नेम लवकर सावरतो, म्हणून स्पर्धक काडतूस हलके करत जाणार हे उघड आहे. त्या ओढीला खालून घातलेला हा बांध आहे.

खालच्या मर्यादेला सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आधार आहे. मात्रा फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकून राहते. आवाज दबका येतो, धक्का जवळपास जाणवत नाही, आणि घाईत असलेला नेमबाज पुढचा बार काढतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते. तांब्याच्या वेष्टनाच्या गोळ्यांना नळीत घर्षण अधिक होत असल्याने त्या मऊ शिशाच्या गोळ्यांपेक्षा लवकर अडकतात, म्हणूनच हलक्या काडतुसांत ओतीव शिशाची गोळी पसंत केली जाते. आवाज किंवा धक्का नेहमीसारखा वाटला नाही तर तेथेच थांबून, बंदूक रिकामी करून नळी आरपार तपासावी, हा या क्षेत्रातील पहिला पाठ आहे. त्याच्या जोडीला इतरही शिस्त येते : कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातीलच दारू, गोळी आणि माप वापरावे, टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा असावा, मात्रा तराजूवर तपासावी, आणि गोळ्या बसवण्यापूर्वी सर्व पुंगळ्या रांगेत ठेवून प्रकाशझोतात आतील दारूची पातळी एकेक करून पाहावी.

भारतात हा छंद या स्वरूपात अस्तित्वात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो आणि परवान्याशिवाय तो तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथील परवानाधारक कारखान्यात तयार झालेली काडतुसेच वापरतो. महाराष्ट्रात मात्र हे शास्त्र औद्योगिक पातळीवर दीर्घकाळ नांदत आले आहे : खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि वरणगाव व भंडारा येथेही आयुध निर्माणी आहेत. कमी धक्क्याचे मोल तर मराठी नेमबाजांनी जगाला दाखवून दिले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले, ते अगदी अल्प धक्क्याच्या .२२ रायफलीवर. तिच्या काडतुसात प्रायमरचे द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ते काडतूस व्यवहारात पुन्हा भरले जात नाही. म्हणून हे नेमबाज कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतील काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि सर्वांत एकसारखी चालणारी खेप निवडतात. दारू भरणारा हात कारखान्याचा असो वा घरचा, अखेरीस शोध एकसारखेपणाचाच असतो.

हलक्या बाराची सारी विद्या या एकसारखेपणात सामावलेली आहे. कमाल दाबाच्या पलीकडे जाऊ नये हे सांगावे लागत नाही, कारण तेथील धोका सर्वांना दिसतो. किमान मापाखाली गेल्यास मात्र सगळे सौम्य, निरुपद्रवी भासते, आणि दुहेरी मात्रा, अडकलेली गोळी व अनियमित पेटणारी दारू हे तिन्ही धोके तेथेच दबा धरून असतात. छापील तक्त्यातील खालचा आकडा हा वरच्या आकड्याइतकाच प्रयोगांती ठरलेला असतो. बार अधिक हलका हवा असेल तर आहे त्याच दारूचे माप घटवत जाणे हा त्याचा मार्ग नव्हे. अधिक हलक्या बारासाठीच घडवलेली आणि तपासलेली दारू घेणे, हाच तो मार्ग आहे.